गंगाराम कांबळेंचे हॉटेल आणि गिऱ्हाइकाचा प्रश्न

२६ जून जवळ आला की कोल्हापुरात चौकाचौकात शाहू महाराजांचे फलक लागतात. अलीकडे त्या फलकांच्या शेजारी आणखी एक वाक्य हमखास दिसते. नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा. आपल्या वस्त्यांतल्या पोरापोरींना हेच वाक्य मेळाव्यात, शिबिरात, कॉलेजच्या व्याख्यानात आणि मोबाईलवर रोज ऐकवले जाते. कल्पना शोधा, कर्ज काढा, जिद्द ठेवा, झालात उद्योजक! आणि नाही झालात तर दोष तुमचा, तुमच्यात जिद्द नव्हती.

या वाक्यात जात कुठेच नाही. म्हणून त्याची तपासणी इतिहासाच्या कसोटीवर केली पाहिजे असे आम्हाला वाटते. त्यासाठी फार लांब जायला नको. कामधंदा बदलण्याची लढाई अस्पृश्यांनी, स्त्रियांनी आणि गावगाड्यातल्या कष्टकऱ्यांनी कशी लढली, तिला कोणाचे पाठबळ होते आणि ती कुठे अडली, याचे धडे कोल्हापूरच्याच मातीत पडलेले आहेत. ते वाचले की कळते, आपल्या माणसांना धंदा करताना भांडवल कमी पडले हे खरे, पण त्याच्याही आधी कमी पडले ते गिऱ्हाईक.

वतन : काम सोडण्याची मनाई

वतन म्हणजे गावकीतला मान, असे आजही काहीजण सांगतात. महाराच्या वाट्याला आलेला मान काय होता? दवंडी पिटणे, वेस राखणे, सांगावे पोचवणे, सरकारी सारा ठाण्यापर्यंत नेणे, आलेल्या अधिकाऱ्याच्या घोड्याची सोय पाहणे, मेलेले जनावर ओढून नेणे. बदल्यात तुटपुंजी वतनी जमीन आणि दारोदार फिरून गोळा करायचे बलुते. कामाचे तास ठरलेले नाहीत, मजुरीचा दर ठरलेला नाही. एका माणसाला बोलावणे आले आणि तो नसला तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. बाईमाणसालाही त्यातून सुटका नव्हती, कारण वतन माणसाचे नसून साऱ्या घराचे होते. समाजशास्त्राच्या पुस्तकात याला परस्परावलंबन म्हटलेले आम्ही वाचले आहे. पण ज्या व्यवस्थेत एका बाजूला काम नाकारण्याचा हक्कच नाही, तिला परस्परावलंबन म्हणायचे तर गुलामगिरीला काय म्हणायचे?

शाहू महाराजांनी या गाठीवर घाव घातला. गादीवर आले तेव्हा, १८९४ साली, दरबारच्या सर्वसाधारण प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० जागांवर एकाच जातीची माणसे होती. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, हे आपण सगळे जाणतो. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने १९१८ हे साल तेवढेच महत्त्वाचे आहे. त्या साली त्यांनी कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले, आणि महार वतन खालसा करून त्या जमिनी रयताव्याने महारांच्या नावावर करण्याचा निर्णय घेतला. पुढे वेठबिगारही बंद केली. १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला होता, १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांच्या शाळेत बसवण्याचा हुकूम निघाला.

हे हुकूम एका ओळीत मांडले की त्यांचा अर्थ उलगडतो. आधी जुने काम सोडण्याची मोकळीक दिली. मग नवे काम करता यावे म्हणून शाळा दिली. नव्या कामाची जागा मिळावी म्हणून नोकरीत राखीव वाटा ठेवला. आणि पायाखाली असावी म्हणून जमीन नावावर केली. मोकळीक, शिक्षण, जागा आणि जमीन. या चार गोष्टी राज्याने दिल्या, तेव्हा कुठे काम बदलण्याची भाषा सुरू झाली. नुसते "जिद्द ठेवा" असे सांगून शाहू थांबले नाहीत.

ब्रिटिश मुलखात मात्र तसे घडले नाही. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत मेलेली जनावरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडून देण्याची हाक दिली. १९ मार्च १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. सरकारच्या आणि सनातन्यांच्या थंड प्रतिसादामुळे ते त्यांना मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा आला तो १९५८ साली. म्हणजे कोल्हापूरच्या हुकुमानंतर चाळीस वर्षांनी, आणि बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर.

चहाची टपरी आणि राजाचा खडखडा

आता गंगाराम कांबळे यांची गोष्ट. ती आपल्याकडे भाषणात नेहमी सांगितली जाते, पण तिच्यातला अर्थशास्त्राचा भाग बहुतेक वेळा सुटून जातो.

गंगाराम कांबळे शाहूंच्या पागेत नोकरीला होते. सवर्ण नोकरांच्या हौदातल्या पाण्याला शिवले म्हणून तिथल्या लोकांनी त्यांना बेदम मारले. महाराज परगावाहून परतल्यावर गंगाराम यांनी गाऱ्हाणे मांडले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, आणि गंगारामला सांगितले की तू आता स्वतंत्र धंदा कर. भांडवलाला पैसे दिले. त्यातून कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यावर एका महाराचे चहाचे हॉटेल उभे राहिले. त्याचे नाव 'सत्यसुधारक'.

इथपर्यंतची गोष्ट आजच्या कोणत्याही योजनेच्या माहितीपत्रकात बसेल. लाभार्थी अनुसूचित जातीचा, भांडवल मंजूर, जागा मोक्याची, मालही चोख. पण हॉटेल चालेना! कारण सोपे होते. महाराच्या हातचा चहा पिणार कोण? चहाची पूड तीच, दूध तेच, साखर तीच. पण कपाला जात चिकटली होती.

मग शाहू महाराजांनी जे केले ते कोणत्याही बँकेला करता आले नसते. त्यांनी आपला खडखडा त्या हॉटेलासमोर उभा करवला, भर रस्त्यात गंगारामच्या हातचा चहा घेतला आणि सोबतच्या मानकऱ्यांना, अधिकाऱ्यांनाही पाजला. कोणाला सही हवी असेल, काम असेल, त्याने तिथे यावे आणि आधी चहा घ्यावा, असा त्यांचा शिरस्ता असल्याचे सांगतात. छत्रपतीच जिथे चहा पितो तिथे नाक मुरडायची सोय कोणाला राहिली नाही.

मित्रांनो, इथे थांबून विचार करा. शाहूंनी गंगारामला दोन गोष्टी दिल्या. एक भांडवल आणि दुसरे गिऱ्हाईक. पहिल्या गोष्टीने हॉटेल उघडले, दुसऱ्या गोष्टीने ते चालले. बाजार हा जातीच्या बाहेरचा मोकळा माळ आहे, तिथे फक्त मालाचा दर्जा आणि भाव बघितला जातो, ही समजूत भाऊसिंगजी रस्त्यावर शंभर वर्षांपूर्वीच खोटी ठरली आहे. आणि गंगाराम कांबळे हे उपकाराखाली वाकलेले लाभार्थी राहिले नाहीत. महाराजांच्या निधनानंतर शाहूंचे पहिले स्मारक कोल्हापुरात नर्सरी बागेत उभे राहिले, ते उभारण्यात हेच गंगाराम पुढे होते. स्वतःच्या कमाईवर उभा राहिलेला माणूस आपला इतिहास स्वतः उभारतो, तो असा.

बाबासाहेबांची पेढी

हा अनुभव अशिक्षित, गरीब माणसाचा होता, शिकलेल्याला असे होत नाही, असे कोणी म्हणेल. त्यांना १९१७ सालची आठवण करून द्यावी लागेल.

कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकून आलेले डॉ. आंबेडकर बडोद्याच्या नोकरीतला अपमान सोसून मुंबईला परतले. पोटासाठी त्यांनी शिकवण्या केल्या, हिशेबनिसाचे काम केले, आणि शेअर बाजारातल्या गुंतवणुकीचा सल्ला देणारी स्वतःची पेढी काढली. त्या काळात मुंबईत या विषयावर त्यांच्याइतका शिकलेला माणूस शोधून सापडला नसता. पेढीला गिऱ्हाईक येऊ लागले. पण सल्ला देणारा महार आहे हे कळताच यायचे थांबले. पेढी बंद पडली. पुढे ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर तिथे प्राध्यापकांच्या पिण्याच्या पाण्याच्या भांड्यावरून कुरबुर झाली.

गंगारामकडे पुस्तकी शिक्षण नव्हते, भीमरावांकडे जगातले उत्तम शिक्षण होते. धंद्यात दोघांसमोर एकच भिंत आली. फरक इतकाच की कोल्हापुरात ती भिंत ओलांडायला राजसत्ता गिऱ्हाईक होऊन आली आणि मुंबईत तशी कोणी आली नाही. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत हे दोन प्रवाह एकत्र आले. ती भेट घडवण्यात दत्तोबा पोवार यांच्यासारखे कोल्हापूरचे चर्मकार कार्यकर्ते होते, हेही विसरू नका. महार आणि चर्मकार यांना एकमेकांपासून तोडणाऱ्यांना उत्तर म्हणून ही नोंद जपून ठेवावी.

चप्पल विकली जाते, हात दिसत नाहीत

चहाच्या बाबतीत माल चालत नव्हता, कारण करणारा दिसत होता. कोल्हापुरी चपलेच्या बाबतीत उलटे झाले. माल जगभर चालला, कारण करणारा दिसेनासा केला गेला.

कोल्हापुरी चप्पल म्हणजे बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेले कातडे, त्याचे कापलेले तळ, चामड्याच्याच वादीने घातलेली शिलाई आणि वर वेणीचे नाजूक काम. कातडे कमावणारा ढोर समाज, चप्पल बांधणारा चर्मकार समाज. आणि त्या घरातही कामाची वाटणी आहे. जाड कातडे कापणे, तळ ठोकणे हे बहुधा पुरुषाचे काम. वेणी घालणे, पट्टे शिवणे, नक्षी करणे, गोंडे लावणे हे बहुतांशी बायकांचे. चपलेला जी ओळख आहे, जे पाहून गिऱ्हाईक हात पुढे करते, ते काम बाईच्या बोटांचे आहे. पण कारागीर कोण म्हणून विचारा, घरातला पुरुष पुढे येतो. दुकानाच्या पाटीवर तर बहुधा दोघेही नसतात. बाईला नगावर पैसे मिळतात, नाहीतर घरचेच काम म्हणून तेही मिळत नाहीत. स्वयंपाक, पाणी, पोरे आणि मध्ये जो वेळ उरेल त्यात वेणी. या वेळेचा हिशेब चपलेच्या किमतीत कोणी धरत नाही.

२०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी हे संयुक्त मानांकन आहे. त्याची नोंद दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे आहे. आपल्याकडचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ १९७४ पासूनचे. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा या कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये याच घाटाच्या चपला स्वतःच्या म्हणून दाखवल्या, तेव्हा देशभर संताप उसळला. कंपनीने मूळ कोल्हापुरीचे असल्याचे मान्य केले, तिची माणसे कोल्हापूरला येऊन गेली. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली, ती फेटाळली गेली, कारण मानांकनाचे नोंदणीकृत मालक याचिकाकर्ते नव्हते. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीचा दोन्ही महामंडळांशी करार झाल्याचे जाहीर झाले. २,००० जोड इथे बनवून जगभर विकायचे, किंमत सुमारे ८०० युरो, म्हणजे आपल्या ८० हजार रुपयांच्या घरात.

त्या दिवसांत "आमची संस्कृती चोरली" असा आक्रोश करणारे कितीतरी लोक आम्ही पाहिले. चांगले आहे. पण आमचा त्यांना साधा प्रश्न आहे. या "आमची"मध्ये चर्मकार कधीपासून आला? कालपर्यंत ज्याच्या वस्तीवर कातड्याचा वास येतो म्हणून तुम्ही नाकाला पदर लावत होता, त्याची कला परदेशात गाजल्यावर एकदम कोल्हापूरची अस्मिता कशी झाली? आणि ही अस्मिता इतकीच प्रिय आहे तर २०१५ साली गोवंश हत्याबंदीचा कायदा कडक करताना, बैलाच्या कातड्यावर पोट असलेल्या माणसाचे काय होणार, हे विचारायला कोणी का उभे राहिले नाही? कच्चा माल महाग आणि दुर्मीळ करायचा, कातडे वाहून नेणाऱ्याला रस्त्यात अडवायचे, आणि तयार चपलेचा मात्र अभिमान बाळगायचा. कपाला जात आणि कातड्याला धर्म चिकटवणारी ही एकच परंपरा आहे.

धंदा सोडायचा की धरायचा?

इथे आपल्याच चळवळीतला एक जुना वाद समोर येतो. बाबासाहेबांनी जातीचे धंदे सोडायला सांगितले. मग चपलेच्या धंद्याचा गौरव कशाला? त्या चर्मकार पोरांनी शिकावे आणि तो धंदा मरू द्यावा, असे काही मित्र म्हणतात. दुसरे म्हणतात, शेकडो वर्षांचे कौशल्य आपल्या हातात आहे, त्यावरच भांडवल करावे.

आमच्या मते प्रश्न धंद्याच्या नावाचा नाही. १९३६ च्या जातिनिर्मूलनावरील निबंधात बाबासाहेबांनी दाखवून दिले की जात नुसती कामे वाटत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडते आणि वरखाली रचते. जन्माने चिकटलेले काम, न सोडता येणारे काम आणि ज्याचा भाव दुसरा ठरवतो ते काम, ही गुलामी आहे. तेच काम माणसाने स्वतः निवडले, त्याचा भाव स्वतः ठरवला, त्यावर स्वतःचे नाव टाकले आणि नको झाले तेव्हा सोडता आले, तर ती कारागिरी आहे. म्हणून पहिली कसोटी सोडता येण्याची. वेणी घालणाऱ्या आईच्या मुलीला इंजिनिअर होता येते का? येत असेल, आणि तरीही ती चपलेचा कारखाना काढत असेल, तर ती उद्योजक. इंजिनिअर होण्याची फी नाही म्हणून ती वेणी घालत बसली असेल, तर ते नव्या नावाचे वतनच.

२०१६ साली गुजरातच्या उना येथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या तरुणांना मारहाण झाली. त्यानंतर तिथल्या दलितांनी ढोरे उचलायचे थांबवले आणि गाय तुम्हालाच लखलाभ, आम्हाला आमची जमीन द्या, अशी मागणी केली. महाडनंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा सांगावी लागली. काम सोडा, हे अर्धे वाक्य. जमीन द्या, हे उरलेले अर्धे.

गावातला तरुण आणि १९१८ चा निबंध

शाहूंनी वतन खालसा केले त्याच १९१८ साली बाबासाहेबांचा भारतातील लहान शेतजमिनींवरचा निबंध प्रसिद्ध झाला. शेतीचे तुकडे लहान आहेत म्हणून शेती तोट्यात, एवढेच सांगून बाकीचे अर्थतज्ज्ञ थांबले होते. बाबासाहेब त्यापुढे गेले. जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसे बसून आहेत, त्यांच्या श्रमाला काम नाही, भांडवल नाही, म्हणून उपाय शेतीच्या आत शोधण्यापेक्षा उद्योग वाढवण्यात शोधा, असे त्यांनी मांडले. आज गावात मोटारसायकलवर बसून भरतीची वाट पाहणारा तरुण दिसला की आम्हाला तो निबंध आठवतो.

कोल्हापूर जिल्हा सहकाराचा बालेकिल्ला म्हणून मिरवतो. सहकाराने इथल्या ग्रामीण बहुजनांना उभे केले, हे मान्यच आहे. पण साखर कारखान्याचा सभासद व्हायला ऊस लागतो आणि ऊस लावायला जमीन व पाणी लागते. ज्याच्याकडे दोन्ही नाही तो सहकाराच्या दाराबाहेर मजूर म्हणून उभा राहिला. दुधाने थोडी वाट काढली. १९६३ साली जिल्हा दूध संघ, आपला गोकुळ, स्थापन झाला. संस्थेत दूध एकाच कॅनमध्ये ओतले जाते, फॅट बघून पैसे मिळतात, घागरीची जात उरत नाही. बिनजमिनीच्या घरालाही एखादी म्हैस बांधता येते. पण त्या म्हशीचे शेण काढणारी, वैरण आणणारी, धार काढणारी बाई असते आणि संस्थेच्या पुस्तकात नाव बहुधा नवऱ्याचे. बिल त्याच्या हातात, मतदानाचा हक्क त्याचा.

आणि जमिनीचे काय? १९५८ च्या कायद्याने वतनी जमिनी परत मिळाल्या त्या नव्या शर्तीवर, विकायला सरकारची परवानगी लागेल या अटीवर. हेतू जमीन हातची जाऊ नये हा होता. पण सातबाऱ्यावर वारसांची लांबलचक यादी, मोजणी नाही, ताबा दुसऱ्याचा, अशा अवस्थेत कितीतरी जमिनी गेल्या. २०२५ च्या अखेरीस पुण्याच्या मुंढव्यातील सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार गाजला तेव्हा शहरी तरुणांना पहिल्यांदा कळले की या जमिनी आज सोन्याच्या भावाच्या आहेत. बँक कर्जाला तारण मागते. आपल्या आजोबांच्या नावावरचे तारण कुठे आहे, हे आधी तलाठ्याकडे जाऊन पाहा, मग जिद्दीवरचे व्याख्यान ऐका. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उगाच केले नव्हते.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या औद्योगिक वसाहतींत, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर आपली पोरे गेली, हा खरा बदल आहे. तिथे वेस राखायची नाही, जोहार घालायचा नाही. पण कायम नोकरीच्या जागी कंत्राट आले, युनियनच्या जागी ठेकेदार आला. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते तेव्हा त्यांनी आठ तासांच्या कामासाठी, कामगारांच्या विम्यासाठी पाया घातला. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना, बाईच्या बाळंतपणाचा भार एकट्या तिच्यावर टाकता येणार नाही, ही भूमिका त्यांनी घेतली. आज कारखान्यातल्या बाईला २६ आठवड्यांची रजा कायद्याने आहे. वेणी घालणाऱ्या, कापडाचे धागे कातरणाऱ्या, पापड लाटणाऱ्या घरकामगार बाईला काय आहे? तिला उद्योजक म्हटले की मालकावर कोणतीच जबाबदारी उरत नाही. नावाला स्वतंत्र, कामाला मजूर!

बचतीचा गट की कर्जाचा गट?

बचत गटांनी आपल्या बायकांना घराबाहेर आणले, बँकेची पायरी चढवली, बोलते केले. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून आहे, पुढे उमेद अभियान आले. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण गटाच्या मागोमाग वस्तीत मायक्रोफायनान्सचा माणूस आला. तारण नको, फक्त आधार कार्ड आणि चार बायकांची हमी. कर्ज धंद्याच्या नावाने, खर्च मुलाच्या फीवर, सासूच्या ऑपरेशनवर, नाहीतर जुन्या कर्जाच्या हप्त्यावर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला, घरे बुडाली, कामे बुडाली, हप्ता मात्र बुडाला नाही. कोल्हापूर-सांगली भागात बायकांनी या कर्जांविरुद्ध मोर्चे काढले, ते या हतबलतेतून. २०२२ साली रिझर्व्ह बँकेने नियम केला की घराच्या सर्व कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत. हा नियम आपल्या किती बायकांना कोणी सांगितला? कार्यकर्त्यांनो, हा नियम पाठ करा. वसुलीवाला दारात आला तर तो विचारा.

पुन्हा गंगारामकडे या. पापड, मसाला, पिशवी, गोधडी. पंधरा गट एकाच वस्तूचे उत्पादन करतात आणि वर्षातून एकदा प्रदर्शनात मांडतात. भांडवल दिले, गिऱ्हाईक दिले नाही. आणि खाण्याची वस्तू असेल तर आडनाव विचारणारे गिऱ्हाईक आजही संपलेले नाही. घरकाम, स्वयंपाकाच्या कामासाठी गेलेल्या आपल्या बहिणींना हे वेगळे सांगायला नको.

मग करायचे काय?

आम्ही धंद्याच्या विरोधात आहोत असा अर्थ कोणी काढू नये. २००५ साली दलित उद्योजकांचे चेंबर पुण्यात स्थापन झाले, आपली माणसे कारखाने चालवतात, याचा आम्हाला आनंद आहे. आमचा विरोध आहे तो धंद्याच्या नावाने आरक्षणाचा, सरकारी नोकरीचा आणि जमिनीचा प्रश्न गुंडाळून ठेवण्याला. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या मसुद्यात बाबासाहेबांनी मूलभूत उद्योग, विमा आणि शेती राज्याच्या मालकीची असावी अशी मांडणी केली होती. बाजाराच्या भरवशावर माणसाला सोडून द्यायला ते कधीच तयार नव्हते.

म्हणून पहिली मागणी गिऱ्हाइकाची. केंद्राच्या २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणात सूक्ष्म व लघु उद्योगांकडून होणाऱ्या खरेदीत अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी एकूण खरेदीच्या ४ टक्के वाटा ठेवला आहे, २०१८ पासून महिलांसाठी ३ टक्के आहे. हा आजच्या काळातला शाहूंचा खडखडा आहे, तो दारात येऊन थांबतो का हे तपासा. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. महापालिका, जिल्हा परिषद, विद्यापीठ, साखर कारखाने आणि दूध संघ यांनाही असाच वाटा ठेवायला भाग पाडा. २०१६ च्या स्टँड अप इंडिया योजनेत प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जाती-जमातीच्या आणि एका महिला उद्योजकाला १० लाख ते १ कोटींचे कर्ज द्यावे असे होते. आपल्या शाखेने ते कोणाला दिले, हे मॅनेजरला विचारा.

दुसरी मागणी नावाची. चपलेच्या मानांकनाच्या अधिकृत वापरकर्त्यांत वेणी घालणाऱ्या बाईचे नाव घरातल्या पुरुषाइतक्याच हक्काने यावे. ८० हजारांच्या जोडातला तिचा वाटा किती, हे करारात लिहिलेले असावे आणि तो करार मराठीत वस्तीत लावलेला असावा. दूध संस्थेत धार काढणारीचे नाव सभासद म्हणून यावे.

तिसरी मागणी जमिनीची. प्रत्येक बौद्ध वस्तीने आपल्या वतनी जमिनींचे जुने उतारे, फेरफार, नकाशे काढून एक वही करावी. हे काम मोर्च्याइतकेच चळवळीचे आहे आणि ते कॉलेजात जाणारी पोरे महिन्याभरात करू शकतात.

चौथी गोष्ट आपल्या हातातली. आपण कोणाचे गिऱ्हाईक आहोत? जयंतीला लाखोंची उलाढाल होते. मंडप, साउंड, जेवण, कपडे, पुस्तके, निळे झेंडे. त्यातला किती पैसा आपल्या वस्तीत, आपल्या बायकांच्या गटात, आपल्या कारागिरांकडे फिरतो? महार, मांग, चर्मकार, ढोर असे न पाहता एकमेकांचे गिऱ्हाईक होणे हे जातिअंताचे रोजचे काम आहे. मांगाच्या हातचा चहा प्यायला बौद्धाचे पोर कचरत असेल, तर त्याने भाऊसिंगजी रस्त्याचे नाव घेऊ नये.

भांडवल मागा, शिक्षण मागा, जमीन मागा. आणि त्याबरोबर हेही विचारा, आमच्या हातचा चहा पिणार कोण? ज्या सरकारला, ज्या बँकेला, ज्या पुढाऱ्याला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, त्याने आमच्या पोरांना उद्योजकतेचे धडे देऊ नयेत.

जय भीम! जय शाहू!